मोठे सुरे संग्रहात आहेत. हरणाच्या शिकारीला कामाचा चाकू कोणता?

डॅलसकर

नमस्कार मंडळी,

न मिटणारे मोठे सुरे जमवायचा नाद आहे. सध्या संग्रहात का-बार (7 इंची पातं, चामड्याच्या चकत्यांची मूठ), बक 119, कोल्ड स्टीलचा ट्रेल मास्टर बोवी (साडेनऊ इंच), वेस्टर्नचा जुना डब्ल्यू-49 बोवी आणि साडेदहा इंची पात्याची नेपाळी कुकरी आहे.

नोव्हेंबरात टेक्सासच्या हिल कंट्रीत लीजवर (शिकारीसाठी भाड्याने घेतलेल्या जमिनीवर) व्हाइटटेल हरणाच्या शिकारीला जायचं ठरलंय. रानडुक्कर मिळालं तर तेही घेणार. हंटर एज्युकेशन, लायसन्स, टॅग सगळं रीतसर आहे. प्रश्न असे:

1. यातल्याच एखाद्यावर भागेल का, की वेगळा चाकू घ्यावा? जो तो वेगळं सांगतो.
2. घ्यायचा तर लांबी, आकार, पोलाद काय बघावं? बजेट 150 डॉलरपर्यंत. धार लावायचं सामानही त्यातच बसलं तर उत्तम.
3. का-बार आणि वेस्टर्न दोन्ही एका घरसामानाच्या विक्रीतून घेतलेत. वेस्टर्नच्या पितळी गार्डवर हिरवा थर आहे, का-बारच्या पात्यावर काळपट डाग आहेत. घासून चकचकीत करावं का?
4. कुकरी पुण्याला भावाला द्यायची इच्छा आहे. चेक-इन बॅगेतून नेता येईल ना?

---

पोलादपारखी

पहिल्या दोन प्रश्नांवर लिहितो. कुकरी आणि जुन्या मालावर इथले जाणकार बोलतीलच.

चाकू कापतो तो धारेमागच्या जाडीवर. लांबीचा नंबर त्यानंतर. तुमच्या ट्रेल मास्टरची पाठ 5/16 इंच, म्हणजे जवळजवळ 8 मिमी जाड आहे. तो फांद्या तोडायला आणि घाव झेलायला बनवलाय. कातडं आणि मांस यांच्यामधल्या पांढऱ्या पडद्यात ते पातं पाचरीसारखं घुसतं. कापण्याऐवजी फाकवत जातं, आणि मग हात जोर लावतो. जोर लावला की चाकू घसरतो. जास्तीत जास्त जखमा अशाच होतात.

कॅलिपर असेल तर स्वतः मोजून बघा. धारेचा तासलेला कोन जिथे सुरू होतो, त्याच्या किंचित वर पात्याची जाडी घ्यायची. शिकारीच्या चाकूत ती 0.4 ते 0.5 मिमी हवी. झाडं तोडायच्या सुऱ्यात 0.8 किंवा त्याहून जास्त असते, आणि तिथे ती असायलाच हवी, नाहीतर धारेचे तुकडे उडतील. दोन कामं, दोन भूमिती. एका चाकूत दोन्ही कोंबायचा प्रयत्न केला की दोन्ही कामं अर्धवट होतात.

का-बारची पाठ 4 मिमीच्या आसपास आहे, पण तासणी, म्हणजे धारेकडे पातं निमुळतं करणारा उतार, पाठीपर्यंत गेलेली नाही, मध्येच थांबते. त्यामुळे खोल काप घेताना तो अडतो. शिवाय चामड्याच्या चकत्यांची मूठ रक्त आणि चरबी पिते. धुतली की फुगते, वाळली की आकसते, आणि चकत्यांमध्ये फटी पडतात.

तुमच्यापैकी कामाच्या सगळ्यात जवळ बक 119 आहे. 420एचसी पोलाद, पोकळ (बाजू आत वळलेली) तासणी, त्यामुळे धार बारीक. त्याने हरीण साफ करणारे हजारो लोक अमेरिकेत आहेत. पण 6 इंच पातं आणि वर उचललेलं क्लिप-पॉइंट टोक (जिथे पाठ टोकाजवळ आत कापलेली असते) पोट फाडताना त्रास देतं. का, ते कुणी शिकारीच्या बाजूने लिहिलं तर बरं.

नवा घ्यायचा तर हे माप धरा: पातं साडेतीन ते सव्वाचार इंच, पाठ 2.5 ते 3.5 मिमी, तासणी पूर्ण सपाट किंवा पोकळ, टोक ड्रॉप-पॉइंट, म्हणजे पाठ हलक्या उताराने खाली येऊन धारेला भेटते तसं. हा आकार शिकारीच्या चाकूत रूढ केला तो बॉब लव्हलेस या कॅलिफोर्नियातल्या कारागिराने, आणि आजही तो मागे पडलेला नाही.

पोलादाबद्दल लोक उगाच डोकं फिरवून घेतात. 1095 म्हणजे साधं कार्बन पोलाद, कार्बन 0.95 टक्के. पटकन धार घेतं, पण रक्त लागलं की तासाभरात डाग धरतं. 420एचसी, 12सी27, एईबी-एल ही साधी स्टेनलेस, दगडावर लवकर जमतात. एस30व्ही, मॅग्नाकट यांची धार जास्त टिकते, पण मेली की साध्या दगडावर वेळ खाते, डायमंडची प्लेट लागते. डी2 मध्ये क्रोमियम 12 टक्क्यांच्या आसपास असतं, पण त्यातलं बरंच कार्बाइडमध्ये अडकतं, म्हणून ते पुरतं स्टेनलेस नाही. ओलं ठेवलं तर गंजतं.

आणि पोलादाच्या नावापेक्षा त्याला पाणी कसं दिलंय हे महत्त्वाचं. नीट पाणी दिलेलं 420एचसी, चुकीचं पाणी दिलेल्या एस30व्हीपेक्षा चांगलं चालतं. कडकपणा रॉकवेल मापात 57 ते 60 एचआरसी असेल तर या कामाला पुरे. ऑनलाइन चाळीस डॉलरला मिळणारे नागमोडी नक्षीचे 'डमास्कस' सुरे भिंतीवर छान दिसतात. आत कोणतं पोलाद, किती कडक, हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

---

गवतीचहा

पोलादपारखींशी सहमत. चाकूला प्रत्यक्ष काय करावं लागतं ते क्रमाने लिहिते, म्हणजे चार इंच का, हे आपोआप कळेल.

हरीण उताणं करायचं, उतार असेल तर डोकं वरच्या अंगाला. आधी गुदद्वाराभोवती गोल काप, तीन-चार इंच आतपर्यंत, आतडं मोकळं होईस्तोवर. इथे बारीक टोक आणि छोटं पातं लागतं, कारण मूत्राशय अगदी शेजारी असतं.

मग पोट. ओटीपोटापाशी कातडं चिमटीत वर उचलून इंचभर छेद द्या. त्यात दुसऱ्या हाताची दोन बोटं घाला, बोटांनी कातडं आणि खालचा स्नायूंचा पातळ थर वर उचलून धरा, आणि चाकूची धार वर ठेवून टोक त्या दोन बोटांच्या मध्ये ठेवा. आता बोटं आणि चाकू एकत्र छातीच्या हाडापर्यंत सरकवत न्यायचे. चार इंची ड्रॉप-पॉइंटचं टोक बोटांच्या पेरांच्या आतच राहतं. 119 सारख्या सहा इंची क्लिप-पॉइंटचं टोक बोटांच्या पुढे दीड-दोन इंच जातं, आणि आकारामुळे ते नेमकं कोथळ्याच्या दिशेला वळलेलं असतं. कोथळा फुटला की अर्धवट पचलेला हिरवा चोथा सगळ्या पोकळीत पसरतो. फुटलाच, तर जिथे जिथे लागला तिथलं मांस सरळ कापून टाका. भरमसाट पाणी ओतून धुऊ नका, घाण उलट पसरते.

पुढे छाती आणि पोट यांच्यामधला पडदा बरगड्यांच्या कडेकडेने कापायचा. त्यानंतरचं काम मोठ्या सुऱ्याला जमतच नाही: श्वासनलिका आणि अन्ननलिका कापायला दोन्ही हात कोपरापर्यंत छातीत जातात. आत काही दिसत नाही. एका हाताने नळी धरायची, दुसऱ्याने तिच्या वरच्या बाजूला कापायचं. हे सगळं स्पर्शावर. नऊ इंची पातं घेऊन आत गेलात तर नळीच्या आधी स्वतःचं मनगट सापडेल. तर्जनी पात्याच्या पाठीवर ठेवून टोक कुठे आहे ते बोटाला कळलं पाहिजे. चार इंचांत ते कळतं.

कातडं सोलताना पात्याचं फुगीर पोट वापरा, टोक नाही. आणि केस बाहेरून कापू नका. केसांत माती, वाळू असते, धार तिथेच मरते. पायाच्या आतल्या बाजूला एक छेद देऊन पातं कातड्याखाली घाला आणि आतून बाहेर कापा. एकाच चाकूने कुणी तीन हरणं साफ करतो आणि कुणाची धार अर्ध्या हरणात जाते; बहुतेक वेळा फरक इतकाच असतो.

हाडं तोडायची गरज नाही. पुढचा पाय, आपल्याकडचे खाटीक ज्याला फरा म्हणतात तो, धडाला हाडाने जोडलेला नसतोच. पाय बाहेर ओढून खालचे स्नायू कापले की सुटून येतो. मागच्या पायाचा उखळी सांधा वाकवून उघडा, आतला पांढरा अस्थिबंध कापला की झालं. कण्याच्या दोन्ही बाजूंच्या लांब पट्ट्या, म्हणजे बॅकस्ट्रॅप, हे फार मऊ मांस: कण्याला घासून एक काप, बरगड्यांना घासून दुसरा. इथे पातळ, किंचित लवचीक पातं हवं. त्यासाठी व्हिक्टोरिनॉक्सचा 6 इंची बोनिंग (हाडावरून मांस सोडवायचा) चाकू कॅम्पवर ठेवा, जगभरचे खाटीक तो वापरतात आणि तुमच्या बजेटला त्याने भोक पडत नाही. छातीचं हाड उघडायचंच असेल तर छोटी करवत घ्या. पात्यावर दगड मारून हाड फोडणं म्हणजे चाकू आणि मांस दोन्हीची नासाडी.

टेक्सासमध्ये हरणांचा सीडब्ल्यूडी (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज) हा मेंदूचा रोग काही भागांत सापडलेला आहे. म्हणून कणा आणि डोकं कापत बसू नका, मांस हाडावरून सोडवून घ्या, हातमोजे घाला. रानडुकरात ब्रुसेला जंतू असू शकतात. तिथे हातमोज्यांशिवाय हात लावायचाच नाही, बोटाला कापलेलं असेल तर मुळीच नाही. थोराड नराच्या खांद्यावर कूर्चेसारखी जाड ढाल असते, शिवाय अंगभर वाळलेला चिखल. डुकरासाठी धार करायची सोय जवळ ठेवा. मांस आतून 71 अंश सेल्सियस होईपर्यंत शिजवा.

हिल कंट्रीत नोव्हेंबरच्या दुपारी सहज 25 अंश असतात. मांस लवकरात लवकर 4 अंशांखाली गेलं पाहिजे. कूलरचा तळाचा बूच उघडा ठेवा, म्हणजे वितळलेल्या बर्फाच्या पाण्यात मांस भिजत पडत नाही.

---

उत्तरेकडचा

दीडशे डॉलर कशाला? मोराचा कम्पॅनियन घ्या. स्वीडनच्या मोरा गावात बनतो, पातं 104 मिमी, जाडी 2.5 मिमी, स्टेनलेस, रबरी पकड, प्लास्टिकचं म्यान नळाखाली धुता येतं. स्वीडन-फिनलंडमध्ये मूस (प्रचंड मोठं हरीण) साफ करणारे लोक असल्याच चाकूने काम करतात. नारिंगी मूठ घ्या. पाचोळ्यात ठेवलेला हिरवा किंवा तपकिरी मुठीचा चाकू संध्याकाळी सापडत नाही.

एक मर्यादा मात्र आहे. त्याची स्कँडी तासणी (एकाच उताराने थेट धारेपर्यंत जाणारी) लाकडाला अप्रतिम असली तरी धार फार निमुळती असते. हाडावर आपटली की बारीक खपल्या जातात. नवा आणल्यावर दगडावर दर बाजूला 20 अंशांनी आठ-दहा हलके फटके मारून अगदी बारीक दुय्यम कोन द्या. मग ती तक्रार राहत नाही.

जरा चांगल्यातला हवा तर फॉलक्निव्हेन एफ1 आहे, 97 मिमी पातं. 1990 च्या दशकात स्वीडिश हवाई दलाच्या वैमानिकांसाठी तो निवडला गेला. पण पाठ 4.5 मिमी आहे. जीव वाचवायला बनवलाय तो, सोलायला नाही. माझं मत मोरालाच.

---

डॅलसकर

सगळ्यांचे आभार. गवतीचहा, छातीत दोन्ही हात घालण्याचा मुद्दा कुठल्याही व्हिडिओत इतका स्पष्ट ऐकला नव्हता. 119 बाजूला ठेवतो.

मोरा आणि बोनिंग चाकू घेतो, उरलेल्या पैशात एखादा चांगला ड्रॉप-पॉइंट बघतो. गट हुक (पोट उघडायचा आकडा) असलेला घ्यावा का? आणि ब्लेड बदलायचे स्काल्पेलसारखे चाकू, हॅवलॉन वगैरे, ते कसे? धार लावण्याबद्दलही जरा सविस्तर लिहाल का?

---

पोलादपारखी

गट हुक पोट उघडायला सोयीचा खरा, पण तो पात्याच्या पाठीवर असतो. म्हणजे तर्जनी टेकवायची जागाच गेली, आणि त्या आकड्याच्या आत धार करायला गोल डायमंड रॉड लागतो. दोन बोटांची पद्धत जमली की त्याची गरज राहत नाही. नको.

हॅवलॉन पिरांटाची पाती खरोखर वस्तऱ्यासारखी असतात. सोलण्यात त्यांच्याइतकं वेगवान काही नाही. पण पातं जेमतेम कागदासारखं. सांध्यात घालून पिरगाळलं की मोडतं, आणि मोडलेला तुकडा मांसात हरवतो. तसं झालं तर तुकडा सापडेपर्यंत पुढे जायचं नाही. पातं बदलताना रक्ताळलेल्या बोटांनी ओढायचं नाही, छोटी पक्कड बाळगा. दुसरा चाकू म्हणून ठेवा, एकुलता एक म्हणून नको.

आता धार. दोन बाजूंचा दगड घ्या, 400 नंबर (भरड) आणि 1000 (बारीक), किंवा तेवढ्याच भरडीच्या दोन डायमंड प्लेट. कोन धरायला नाण्यांचा उपयोग करा. समजा पातं धारेपासून पाठीपर्यंत 25 मिमी रुंद आहे. दगडावर चार क्वार्टर (25 सेंटची नाणी) एकावर एक ठेवा. एक क्वार्टर 1.75 मिमीचा, चार म्हणजे 7 मिमी. पाठ त्या उंचीवर टेकवली की 16 अंशांच्या आसपास कोन होतो. 3 मिमी पाठीच्या पूर्ण सपाट तासणीत पात्याचा स्वतःचा उतार आणखी तीन-साडेतीन अंश मिळवतो. म्हणजे दर बाजूला 20 च्या जरा आत. शिकारीच्या चाकूला हा कोन योग्य. नाणी बघून हाताला उंची कळली की नाणी काढा.

400 वर एकाच बाजूने घासत राहा, दुसऱ्या बाजूला पूर्ण लांबीभर बर येईपर्यंत. बर म्हणजे धारेवर उलटलेली पातळ किनार. अंगठा पाठीकडून धारेबाहेर सरकवला की खरखर लागते. टाचेपासून टोकापर्यंत सगळीकडे बर आली नसेल तर थांबू नका. घरी धार न जमण्याचं मुख्य कारण हेच: मधला भाग घासला जातो, टोकाजवळचा फुगीर भाग तसाच बोथट राहतो, कारण तिथे मूठ किंचित वर उचलावी लागते आणि ते कुणी सांगत नाही. बर आली की दुसरी बाजू. मग 1000 वर दोन्ही बाजूंनी आलटून पालटून, दाब कमी करत करत, शेवटचे फटके पात्याच्या नुसत्या वजनाने. शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर धार मागे ठेवून दहा-पंधरा वेळा ओढा, न्हावी वस्तरा ओढतो तसं. बर पूर्ण गेली नाही तर चाकू घरी कागद झकास कापतो आणि रानात दहा मिनिटांत बोथट होतो. ती धार नसतेच, उभी राहिलेली बर असते.

मांसाला आरशासारखी चकाकी नको. 1000 वर थांबलेली, किंचित दातेरी धार कातडं आणि पडदा जास्त चांगला पकडते.

रानात फक्त बारीक सिरॅमिक रॉड न्या. दर बाजूला पाच-सहा हलके फटके पुरतात. व्ही-आकाराच्या खाचेतून ओढायची यंत्रं टाळा, ती धारेचे कण ओरबाडून काढतात.

---

जुनंतेसोनं

तिसऱ्या प्रश्नाकडे कुणी वळलं नाही, म्हणून लिहितो. काही घासू नका. निदान हे वाचून होईपर्यंत.

का-बारवरचा काळपट, निळसर, करडा डाग म्हणजे पॅटिना. तो पोलादाचं थोडंफार रक्षणच करतो आणि वयाची साक्ष असतो. लाल-तपकिरी, बोटाला पावडर लागते तो गंज. गंजच तेवढा काढायचा: थेंबभर मिनरल ऑइल, रात्रभर मुरू द्यायचं, मग 0000 नंबरचं स्टील वूल, हलक्या हाताने. पॉलिशच्या चाकावर गेलेला जुना का-बार संग्राहकाच्या दृष्टीने अर्धा संपला. मूळचा लष्करी काळा लेप गेला की तो परत आणता येत नाही, आणि शिक्क्याच्या अक्षरांच्या कडा गोल होतात.

तो शिक्का आधी वाचा. का-बार हे लोकांच्या तोंडी बसलेलं नाव. 1942 मध्ये अमेरिकी मरीन दलाने हा नमुना घेतल्यावर युद्धकाळात तो एकट्या युनियन कटलरीने बनवला नाही. कॅमिलस, रॉबिसन, पाल यांनीही बनवला, आणि कॅमिलसने सगळ्यात जास्त. तुमच्याकडचा नेमका कुणाचा, यूएसएमसी (मरीन) आहे की यूएसएन (नौदल) मार्क 2, हे शिक्क्यावरून कळेल. मग पातं मोजा. मूळ 7 इंच. पावणेसात भरलं तर टोक मोडून पुन्हा काढलंय. शिक्क्याशेजारचा धार नसलेला चौकोनी भाग आणि धार यांच्यात पायरी पडली असेल तर वर्षानुवर्षं धार लावून पातं खाल्लेलं आहे. किंमत या दोन मापांवर मोठ्या प्रमाणात ठरते.

वेस्टर्नच्या पितळेवरचा हिरवा थर म्हणजे जंगाल, तांब्याचा गंज. चामड्यातली आम्लं आणि दमटपणा यांनी येतो. तो काढलाच पाहिजे, कारण खाली खड्डे पाडतो. लाकडी टूथपिक आणि तेल, बस. चाकूने खरवडू नका.

संग्रहातले सुरे चामड्याच्या म्यानात ठेवायचे नाहीत. चामडं हवेतलं पाणी धरून ठेवतं, कातडं कमावताना वापरलेले क्षार त्यात असतात, आणि ते पात्याला चिकटून बसलेलं असतं. म्यान शेजारी ठेवा, सुरा वेगळा. पात्यावर रेनेसान्स वॅक्सचा अगदी पातळ थर. म्युझियमवाले तेच वापरतात. चामड्याच्या चकत्यांना वर्षातून एकदा, तेही बोटाच्या टोकावर मावेल इतकंच, मेण किंवा कंडिशनर. तेलात भिजवलं की चकत्या मऊ पडून हलायला लागतात. पुणे-मुंबईच्या किंवा कोकणच्या मंडळींसाठी: जून ते सप्टेंबर हवाबंद डबा, सिलिका जेल, आणि जेलचा रंग बदलला की तापवून पुन्हा कोरडं करायचं. फोमच्या गादीचे पेटारे पावसाळ्यात ओल धरतात.

पुढे जुनी मोत्यासारखी चमकणारी मूठ असलेला चाकू मिळाला तर जरा थांबा. जुनं सेल्युलॉइड कुजलं की त्यातून नायट्रिक आम्लाच्या वाफा निघतात. आधी मुठीवर बारीक भेगा दिसतात, मग तिच्याजवळचं पातं लालभडक गंजतं, आणि त्याच खणातले दुसरे सुरेही. असा चाकू दिसला की वेगळ्या, हवा खेळती असलेल्या जागी हलवायचा.

जाता जाता, मोठ्या सुऱ्याने शिकार हा समज कुठून आला तेही सांगतो. बोवीची ख्याती झाली 1827 च्या सँडबार झटापटीने, ज्यात जिम बोवी मोठ्या सुऱ्याने लढला. पिस्तूल एका गोळीत रिकामं व्हायचं त्या काळचं ते लढायचं हत्यार. मग शेफील्डच्या कारखान्यांनी अमेरिकेला बोवींचा पूर पाठवला, कारण खप होता. त्याच काळात सीमेवर कातड्यांचा धंदा करणारे मात्र मॅसॅच्युसेट्सच्या जॉन रसेलच्या ग्रीन रिव्हर वर्क्सचे साधे, पातळ खाटकी चाकू कमरेला लावत होते. लोकांना आठवतो बोवी, पण कातडी निघाली ती त्या पातळ चाकूंनी. दोन्ही संग्रहात शेजारी ठेवा, फार बोलकी जोडी होते.

---

कलमवाला

चौथा प्रश्न. कुकरी बॅगेत घालू नका.

विमान कंपनीच्या दृष्टीने चेक-इनमध्ये सुरा चालतो. अडचण भारतातल्या शस्त्र कायद्याची आहे. शस्त्र अधिनियम 1959 आणि शस्त्र नियम 2016 च्या प्रवर्ग 5 मध्ये तलवारी, कट्यारी, संगिनी यांच्याबरोबर 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू येतात, आणि कुकरीचं नाव तिथे स्पष्ट लिहिलेलं आहे. सूट आहे ती घरगुती, शेती, वैज्ञानिक आणि औद्योगिक कामासाठी बनवलेल्या हत्यारांना. म्हणून उसाचा कोयता त्यात येत नाही, तुमची साडेदहा इंची कुकरी येते. 'किंवा' हा शब्द नीट बघा: आठ इंची पण मधे सव्वादोन इंच रुंद पातंही अडकू शकतं. विमानतळावर कस्टमसमोर 'ही शोभेची वस्तू आहे' या वाक्याला फार वजन नसतं.

भावाला द्यायचंच असेल तर लहान द्या. मोरा किंवा तसा चार इंची चाकू दोन्ही मापांच्या पुष्कळ आत आहे. तरी रस्त्यावर कमरेला लावून फिरायचं नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951 च्या कलम 37 खाली शहरात वेळोवेळी शस्त्रबंदीचे आदेश निघतात, त्यात पात्याची लांबी कुणी मोजत बसत नाही.

सांबरशिंगाच्या मुठीचे जुने सुरे अमेरिकेत आणि जर्मनीत भरपूर मिळतात. ते भारतात आणायच्या फंदात पडू नका. सांबर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 खाली संरक्षित आहे आणि त्याच्या शिंगाच्या वस्तूंनाही तो कायदा लागतो. त्याच कायद्याच्या कलम 9 ने शिकारीवर बंदी आहे. इथे वाचणाऱ्या महाराष्ट्रातल्या मंडळींनी धाग्यातली सोलण्याची माहिती त्या मर्यादेतच घ्यावी. पिकाची नासाडी करणाऱ्या रानडुकरांबाबतही आधी वन खात्याची लेखी परवानगी लागते.

टेक्सासबद्दलही एक. 1 सप्टेंबर 2017 पासून तिथे मोठे सुरे बाळगायला बहुतेक ठिकाणी मोकळीक आहे. पण साडेपाच इंचांपेक्षा लांब पातं 'स्थान-प्रतिबंधित' धरलं जातं. शाळा, न्यायालय, हॉस्पिटल, प्रार्थनास्थळ, मुख्यतः दारूवर चालणारे बार, खेळांचे सामने, अशा ठिकाणी नेता येत नाही. शिकारीवरून परतताना 119 कमरेला तसाच ठेवून मंदिरात किंवा हॉस्पिटलात शिरलात तर गुन्हा होतो. चार इंची चाकू त्या व्याख्येत येत नाही, पण शाळा आणि न्यायालयाचे स्वतःचे नियम वेगळे असतात, तिथे कुठलाच नेऊ नका.

---

डॅलसकर

ठरलं. मोरा, व्हिक्टोरिनॉक्स बोनिंग, दुहेरी दगड, सिरॅमिक रॉड, छोटी करवत. कुकरी इथेच राहील, वेस्टर्नचं पितळ टूथपिकने साफ करतो. मोठे सुरे म्यानाबाहेर काढले. उरलेल्या साठ-सत्तर डॉलरात बकचाच लहान चाकू बघतोय, 113 रेंजर स्किनर.

---

गवतीचहा

113 चांगला आहे, पातं तीन इंचांच्या थोडं वर, पोट छान फुगीर. फक्त त्याचं म्यान चामड्याचं असेल तर रानात रक्ताळलेला चाकू त्यात परत सारू नका, आतून धुता येत नाही. ओल्या फडक्यात गुंडाळा, घरी आल्यावर साबणाने धुऊन पुसून पूर्ण कोरडा झाला की मगच आत.

निघायच्या आधी एक चाचणी करून बघा. हातमोजे घाला, हाताला आणि मुठीला खाण्याचं तेल चोपडा, आणि न सोललेल्या बोकडाच्या किंवा डुकराच्या पायावरून कातडं काढा. मांस विकणाऱ्या मेक्सिकन दुकानांत कातड्यासकट डुकराचा पाय मिळतो. तर्जनी धारेकडे घसरते का, टाचेपाशी बोट अडवायला खोबण पुरते का, ते तिथेच समजेल. घसरत असेल तर मुठीवर सायकलच्या हँडलची कापडी टेप गुंडाळा, आणि काम झालं की ती काढून फेकून द्या.